सिनेमातल्या प्रॉपचे धातूचे सुटे भाग जमवताना: आधी काय, नंतर काय

सिनेमात वापरलेल्या वस्तूची, म्हणजे प्रॉपची, धातूची नक्कल सुटे भाग जोडून करायची असते. चार वेगवेगळ्या कारागिरांकडून चार भाग येतात. चारही देखणे असतात, लेथवर नीट उतरवलेले, कडा मऊ केलेल्या. टेबलावर मांडून जोडायला घेतले की एकात एक बसत नाहीत. एकाचे आटे वेगळे, दुसऱ्याचा व्यास प्लेटिंगने (वर चढवलेल्या धातूच्या थराने) वाढलेला, आणि तिसरा भाग मुळात दुसऱ्याच प्रसंगातल्या प्रॉपचा. यात कारागिरांचा दोष कमी आणि क्रमाचा दोष जास्त असतो. दिसला भाग की घ्यायचा आणि माप नंतर बघायचं, ही सवय महागात पडते. खाली दिलेला क्रम त्याच्या बरोबर उलटा आहे.

## टप्पा १: कुठला प्रॉप, कुठल्या प्रसंगातला, ते लिहून काढा

पडद्यावर एकच दिसणारी वस्तू चित्रीकरणाच्या वेळी अनेकदा एकाहून जास्त नगांत केलेली असते. क्लोजअपसाठी तपशीलवार नग, मारामारीसाठी हलका किंवा रबरी नग, कधी कमरेला लटकवायला तिसराच. पुढच्या भागाच्या वेळी त्याच नगात फेरफार होतात. नंतर प्रदर्शनात मांडताना डागडुजी होते आणि निघालेला एखादा तुकडा बदलला जातो. म्हणजे आजचे फोटो आणि पडद्यावरची वस्तू यांतही फरक असतो.

म्हणून कुठल्याही विक्रेत्याला विचारण्याआधी एक ओळ लिहा: कुठला चित्रपट, कुठला प्रसंग, कुठला नग. ही ओळ लिहिता येत नसेल तर खरेदी थांबवा.

दुसरा निर्णयही इथेच घ्यायचा. तुम्हाला प्रत्यक्ष वापरलेल्या नगाची नक्कल हवी आहे, ओरखडे आणि वाकडा बसलेला क्लॅम्प यांसकट, की ती वस्तू 'असायला हवी होती' तशी नीटनेटकी हवी आहे? बरेच कारागीर दुसऱ्या प्रकारचे भाग करतात: सगळं सममित, सगळं केंद्रात. तेही सुंदर दिसतात. पण एक भाग या पंथाचा आणि दुसरा त्या पंथाचा घेतला की जुळणी विजोड दिसते आणि नक्की काय खटकतंय ते लवकर कळत नाही.

तपासणी: तुमच्याकडचे सगळे संदर्भ फोटो त्याच एका नगाचे आहेत का? ओरखडे, खाचा, स्क्रूच्या डोक्याची दिशा यांवरून नग ओळखता येतो. वेगळ्या नगाचे फोटो दुसऱ्या फोल्डरमध्ये टाका. पुसू नका, पण मिसळूही नका.

## टप्पा २: मापांचा तक्ता करा

साधा तक्ता पुरतो. प्रत्येक भागासाठी लांबी, बाहेरचा व्यास, आतला व्यास, आटे, धातू, फिनिश आणि शेवटचा रकाना 'माप कुठून आलं' याचा. या शेवटच्या रकान्याकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. मूळ वस्तूवर व्हर्नियर (बारीक मापं घेणारा कॅलिपर) लावून घेतलेलं माप, फोटोवरून काढलेलं माप आणि कुणीतरी सांगितलेलं माप या तीन वेगळ्या प्रतीच्या गोष्टी आहेत. त्यांना अ, ब, क अशी खूण करा आणि 'क' मापाच्या भरवशावर कधीही काही बनवून घेऊ नका.

फोटोवरून माप काढताना मिलिमीटरच्या मागे लागण्याआधी गुणोत्तर काढा: लांबी व्यासाच्या किती पट आहे, कड एकूण लांबीच्या कितव्या हिश्श्यावर येते. वस्तू कॅमेऱ्याला समोरासमोर आणि चित्राच्या मध्याजवळ असलेली चौकटच (चित्रपटातलं एक स्थिर चित्र, फ्रेम) घ्या. तिरप्या वस्तूचं जवळचं टोक फुगतं आणि लांबचं आक्रसतं.

इशारा: व्हिडिओतून घेतलेली चौकट आडवी ताणलेली असू शकते. त्याच चौकटीत एखादी गोल वस्तू समोरून दिसत असेल तर तिची उंची आणि रुंदी मोजा. ती सारखी नसेल तर चौकट आधी दुरुस्त करा.

प्रमाण बसवायला माहीत असलेल्या आकाराची एखादी वस्तू लागते. अनेक प्रॉप तयार वस्तूंपासूनच केलेले असतात, तेव्हा हे काम सोपं होतं. १९७७ च्या 'स्टार वॉर्स'मधली नायकाची प्रकाश-तलवारीची मूठ ही ग्राफ्लेक्स कंपनीच्या कॅमेरा-फ्लॅशची तीन सेलची बॅटरी-नळी होती. डी आकाराच्या सेलचा व्यास जास्तीत जास्त ३४.२ मिमी आणि लांबी ६१.५ मिमी असते. म्हणजे मूळ नळीचा आतला व्यास ३४.२ मिमीपेक्षा मोठाच असणार, आणि तीन सेलसाठी आत साधारण १८४.५ मिमी जागा लागणार. कुणी ३२ मिमी बाहेरच्या व्यासाची नळी 'तंतोतंत' म्हणून विकत असेल तर पुढे बोलायचं कारणच उरत नाही. इंटरनेटवरच्या दहा वादांपेक्षा असला एक हिशेब कामाचा.

## टप्पा ३: आटे आधी ठरवा, भाग नंतर घ्या

सगळ्यात जास्त पैसे इथेच बुडतात, म्हणून इथे जरा सावकाश.

वर उल्लेखलेल्या चित्रपटातल्याच म्हाताऱ्या गुरूची मूठ घ्या. त्यात रोल्स-रॉइसच्या डरवेंट जेट इंजिनातला नळीचा तुकडा, ब्रिटिश रायफल ग्रेनेडचा भाग, मशीनगनचा बूस्टर आणि नळाची फिरकी अशी मंडळी एकत्र आली आहेत. हे भाग एकमेकांसाठी कधीच बनले नव्हते. त्यांना जोडणारे आटे मुळात नव्हतेच. कसेही करून एकत्र बसवून काम भागवलेलं होतं. आजचा कारागीर तेच भाग वेगळे निघावेत म्हणून आटे पाडतो आणि ते आटे *त्याच्या* सोयीचे असतात. एकाने मेट्रिक पाडले, दुसऱ्याने इंचातले. दोघांचे भाग बाहेरून हुबेहूब, पण एकमेकांत जात नाहीत.

त्याहून वाईट म्हणजे जवळजवळ जाणारे आटे. हे तीन स्क्रू बघा:

- मेट्रिक एम ५: बाहेरचा व्यास ५.० मिमी, पिच (शेजारच्या दोन आट्यांतलं अंतर) ०.८ मिमी
- अमेरिकन १०-३२: व्यास ४.८३ मिमी, पिच ०.७९४ मिमी
- ब्रिटिश २ बीए: व्यास ४.७ मिमी, पिच ०.८१ मिमी

हातात घेतले तर तिन्ही सारखेच वाटतात. एम ५ च्या भोकात १०-३२ चा स्क्रू जातो, पण खुळखुळतो. उलट केलंत तर दोन-तीन फेरे सहज जातात आणि मग अडकतो. इथे पाना लावून जोर केला की आतले आटे गेले. तसाच १/४ इंची यूएनसी (अमेरिकन) आणि १/४ इंची व्हिटवर्थ (ब्रिटिश) आट्यांचा प्रकार आहे. दोन्हींचा व्यास ६.३५ मिमी आणि इंचाला २० आटे, पण एकाचा कोन ६० अंश आणि दुसऱ्याचा ५५. ते एकमेकांत बसल्यासारखे वाटतात, पण भार फक्त थोड्या कडांवर येतो.

ओळखायचं कसं? पिच गेज इथे फारसा उपयोगी नाही, कारण ०.७९४ आणि ०.८ मधला फरक डोळ्याला दिसत नाही. आधी व्हर्नियरने बाहेरचा व्यास घ्या, मग सलग दहा पिचची लांबी मोजा. ८.० मिमी भरली तर एम ५, ७.९४ च्या आसपास असेल तर १०-३२, ८.१ असेल तर २ बीए. व्यास आणि दहा पिच ही दोन्ही मापं एकाच निष्कर्षाकडे जायला हवीत. आतले आटे तपासायला ओळखीचे स्क्रू जवळ ठेवा. प्रत्येक प्रकारचे दोन-दोन नग एका डबीत, वर चिठ्ठी. ही डबी महागड्या उपकरणापेक्षा जास्त वेळा उघडली जाते.

सगळ्यात सुरक्षित वाट अशी: मुख्य नळी किंवा सांगाडा आधी ठरवा, त्याचे आटे पक्के करा, आणि बाकीचे भाग त्या मापावर शोधा. शक्य असेल तर एकमेकांत फिरणारे दोन भाग एकाच कारागिराच्या एकाच खेपेतले घ्या.

इशारा: प्लेटिंगनंतर आटे जाड होतात. ६० अंशाच्या आट्यांवर थराच्या जाडीच्या चौपट फरक पिच-व्यासावर (आट्यांच्या उंचीच्या साधारण मध्यावर मोजलेल्या व्यासावर) पडतो. ०.०२ मिमीचा थर म्हणजे ०.०८ मिमी, आणि आतले-बाहेरचे दोन्ही आटे प्लेट केले असतील तर ०.१६. कच्च्या धातूत गोडीत बसलेली जोडी क्रोमनंतर जाम होते ती यामुळे. 'आटे प्लेटिंगआधी झाकले होते का, की जागा सोडून पाडले होते?' हा प्रश्न लेखी विचारा.

## टप्पा ४: ऑर्डर देण्याआधीचे प्रश्न

असले भाग बहुधा खेपेने होतात. आधी इच्छुकांची यादी, मग आगाऊ रक्कम, मग काही महिन्यांची वाट. मधल्या काळात कारागीर भागाचा नकाशा (मापं लिहिलेलं रेखाचित्र) बदलतो. म्हणून नकाशाची कुठली आवृत्ती चालू आहे ते विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

विचारायचं ते एवढंच: मूळ वस्तू हातात घेऊन मापं घेतली होती का? धातूचा ग्रेड कोणता? आटे कोणते? फिनिश कुठली आणि किती मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग)? सहिष्णुता, म्हणजे मापात किती चूक चालवून घेतली आहे?

शेवटच्या प्रश्नावर बरेचदा 'आयएसओ २७६८ मध्यम' (सर्वसाधारण सहिष्णुतेच्या आंतरराष्ट्रीय मानकातला एक वर्ग) असं उत्तर येतं आणि ते ऐकून लोक निश्चिंत होतात. त्या वर्गात ३० ते १२० मिमीच्या मापाला ±०.३ मिमी सूट आहे. म्हणजे ४० मिमीचा भाग ३९.७ पासून ४०.३ पर्यंत काहीही असू शकतो. शोभेच्या कडेला हे चालेल. एकात एक सरकणाऱ्या नळ्यांना अजिबात चालणार नाही. तिथे मोकळीक साधारण ०.०२ ते ०.०५ मिमी लागते. त्या दोन मापांची सहिष्णुता नकाशावर वेगळी लिहिलेली हवी.

दुसऱ्याच्या भागावरून साचा काढून ओतलेली नक्कल स्वस्तात मिळते. ती घेऊ नये. एक तर कुणीतरी महिनोन्‌महिने घेतलेली मापं चोरलेली असतात. दुसरं म्हणजे ओतीव धातू थंड होताना आक्रसतो, त्यामुळे व्यास आणि आटे दोन्ही हलतात.

इशारा: प्रॉप खऱ्या शस्त्राच्या भागांवरून केलेला असेल तर मूळ भाग, निकामी केलेला भाग आणि नवी नक्कल यांना कायदा वेगवेगळा लागू शकतो. पैसे देण्याआधी तुमच्या देशाचे शस्त्र आणि सीमाशुल्काचे नियम वाचा. विक्रेत्याचं 'काही होत नाही' हे उत्तर धरू नका.

## टप्पा ५: पार्सल उघडल्यावर

न पुसता, न जोडता, आधी तपासणी. पुसला किंवा आटे फिरवले की परत करण्याची वाट बंद होऊ शकते. खोका उघडतानाचा व्हिडिओ घ्या.

पहिली कसोटी वजनाची. समजा, नळीचा बाहेरचा व्यास ४० मिमी, आतला ३६ मिमी आणि लांबी १०० मिमी. धातूचं घनफळ साधारण २३.९ घन सेंमी येतं. ॲल्युमिनियमची असेल तर वजन सुमारे ६४ ग्रॅम, पोलादाची १८७, पितळेची २०३ आणि जस्ताच्या ओतीव मिश्रधातूची १५८ च्या आसपास. 'पितळेवर क्रोम' म्हणून घेतलेली नळी काट्यावर १६० भरली तर चकाकीखाली काय आहे ते कळलं. घरातला साधा डिजिटल काटाही हे सांगतो. पोलाद आणि पितळ यांच्यातला फरक मात्र वजनाने कमी आणि चुंबकाने चटकन कळतो. स्टेनलेस स्टीलच्या बाबतीत चुंबकावर विसंबू नका. नेहमीच्या ३०४ सारख्या ग्रेडला चुंबक सहसा लागत नाही, पण कातकामात ताण पडलेल्या कडेला हलका लागू शकतो.

मग व्हर्नियर. जबडे पुसा, शून्य तपासा. व्यास तीन ठिकाणी घ्या आणि प्रत्येक ठिकाणी भाग ९० अंशांत फिरवून पुन्हा घ्या. दोन आकडे वेगळे आले तर नळी अंडाकृती आहे. पातळ भिंतीच्या नळ्या लेथच्या चकमध्ये जास्त आवळल्या की अशा होतात. लहान भोकांवर व्हर्नियरचे आतले जबडे माप किंचित कमी दाखवतात. तिथे ओळखीच्या जाडीची पिन घालून बघा.

शेवटी डोळे. भिंग घ्या आणि प्रकाश आडवा पाडा. लेथवर केलेल्या पृष्ठभागावर बारीक, सारख्या अंतराच्या वर्तुळाकार रेषा दिसतात. पृष्ठभागावर लाटा असतील तर कातताना हत्यार थरथरलं. बाजूने एक सरळ रेघ जात असेल आणि जवळ सुईच्या टोकाएवढे खड्डे असतील, तर भाग ओतीव आहे, मग वर्णनात काहीही लिहिलेलं असो. नर्लिंगचे (पकडीसाठी उमटवलेल्या खरखरीत नक्षीचे) हिरे टोकदार आणि सारखे हवेत. एकावर एक दोनदा पडलेली नर्लिंग लगेच दिसते आणि ती दुरुस्त होत नाही.

तपासणी: आटे बोटाने तीन फेरे विनासायास फिरतात का? जोर लागला तर थांबा. आट्यातला कचरा मऊ ब्रशने काढून एकदाच पुन्हा करून बघा. तरीही अडलं तर विक्रेत्याला फोटो पाठवा. हातातला पाना खाली ठेवा.

## टप्पा ६: कोरडी जुळणी

गोंद नाही, थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ नयेत म्हणून लावायचा चिकट द्रव) नाही, फिनिश नाही. नुसते भाग एकत्र आणा.

आटे सुरू करताना भाग आधी उलटा फिरवा. आट्याचं टोक आट्यात पडल्याचा बारीक टक् असा धक्का बोटाला जाणवतो. मग सुलटा फिरवा. ॲल्युमिनियम-ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस-स्टेनलेस अशा जोड्या कोरड्या आवळल्या की धातू एकमेकाला चिकटून कायमच्या जाम होतात. त्या जोड्यांना ग्रीसचा किंचित हात लावा. कोरड्या जुळणीला एवढाच अपवाद.

आता सगळे भाग संदर्भ फोटोशेजारी धरा. आटे पूर्ण बसल्यावर बटण, खाच किंवा क्लॅम्पची कडी कुठल्या दिशेला येते? ती बऱ्याचदा चुकीच्या दिशेला येते आणि कुणीही आधी सांगत नाही. पातळ वॉशर घालून ती फिरवता येते. त्यासाठी तोंड घासू नका, नाहीतर लांबी कमी होईल. ठरलेली जागा मास्किंग टेपवर रेघ मारून ठेवा.

ग्रब स्क्रूंसाठी (डोकं नसलेल्या, षटकोनी खाचेच्या स्क्रूंसाठी) योग्य ॲलन की (षटकोनी किल्ली) घ्या. १/१६ इंच म्हणजे १.५९ मिमी, तिथे १.५ मिमीची की बसल्यासारखी वाटते आणि षटकोन गोल करून टाकते.

अखेरीस थ्रेडलॉकर वापरायचाच असेल तर लहान स्क्रूंना जांभळा किंवा फार तर निळा. लाल सोडवायला एवढी उष्णता द्यावी लागते की रबर, रंग आणि प्लास्टिकचे तुकडे कामातून जातात.

## टप्पा ७: फिनिश सर्वांत शेवटी

जुळणी पक्की झाली, खुणा झाल्या, भाग पुन्हा सुटे केले, की मगच फिनिश. कुठल्या धातूवर काय चालतं ते आधी बघा. ॲनोडायझिंग (विजेच्या प्रक्रियेने पृष्ठभागावर ऑक्साइडचा कठीण थर आणणं) ॲल्युमिनियमवर होतं, पितळ-पोलादावर नाही. पोलाद काळं करायचं रसायन ॲल्युमिनियमला काळं करत नाही. पावडर कोटिंगचा थर ६० ते १२० मायक्रॉनचा असतो, तेव्हा तो एकात एक बसणाऱ्या पृष्ठभागावर लावायचाच नाही.

'चंदेरी' हा एक रंग नाही. क्रोम निळसर दिसतो, निकेल किंचित पिवळसर, पॉलिश केलेलं ॲल्युमिनियम पांढुरकं. शेजारी ठेवले की फरक डोळ्यात भरतो. पडद्यावरची रंगछटा मात्र प्रकाश आणि रंगसंस्कारामुळे फसवते, म्हणून पांढरी किंवा राखाडी वस्तू जवळ असलेली चौकट निवडून ठरवा.

इशारा: चुकलेलं ॲनोडायझिंग काढायला कॉस्टिक सोडा वापरला जातो. तो थराबरोबर खालचा धातूही खातो. आटे आणि बसणारे व्यास त्यात गेले की परत येत नाहीत. आणि स्प्रिंग ॲसिडमध्ये बुडवू नका. कडक पोलाद ठिसूळ होऊन नंतर अचानक तुटतं.

जुनेपणा आणायचा असेल तर हात लागतो तिथेच झिजवा: कडा, बटणाभोवतीची जागा, कमरेवर घासणारी बाजू. सगळीकडे सारखी झीज म्हणजे सँडपेपरची जाहिरात. खऱ्या जुन्या भागावर मात्र यातलं काहीच करू नका, पॉलिशसुद्धा नाही. आणि पितळेला अमोनिया असलेलं क्लीनर लावू नका. ताणाखाली असलेलं पितळ त्याने तडकतं.

## टप्पा ८: ठेवणं आणि नोंद

आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोटांचे ठसे पुसा, मग मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या. नंतर हाताळताना नायट्राइलचे हातमोजे घाला. उघड्या पोलादावर घामाचा ठसा पुढे गंज होऊन उमटतो. पिशव्या पॉलिथिलीनच्या घ्या. पीव्हीसीच्या मऊ पिशव्या आणि रबरबँड टाळा. पीव्हीसीतून आम्ल सुटतं आणि रबरातलं गंधक पितळेवर डाग पाडतं. ओकच्या लाकडाच्या पेटीतूनही आम्लाची वाफ येते, ती जस्ताच्या भागांना बाधते. आत सिलिका जेल ठेवा आणि आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास राहते का ते बघा. दमट हवेत ॲल्युमिनियममध्ये बसवलेले स्टेनलेस स्क्रू आजूबाजूचं ॲल्युमिनियम खाऊ लागतात. पांढरी भुकटी दिसली की स्क्रू काढून साफ करा आणि ग्रीस लावून परत बसवा. दिवे-आवाजाचं यंत्र आत असेल तर मांडून ठेवताना सेल काढून ठेवा.

प्रत्येक भागाच्या पिशवीत एक चिठ्ठी: कारागीर, खेप, नकाशाची आवृत्ती, धातू, आटे, फिनिश, वजन, आलेली तारीख. त्यावर तुम्ही केलेला प्रत्येक बदल, मग तो नुसता एक वॉशर असला तरी. पुढे भाग विकलात किंवा बदलून घेतलात तर ही चिठ्ठी भागाबरोबर द्या आणि तक्त्यातल्या त्या ओळीसमोर तारीख घाला.